सर रिचर्ड टेम्पल यांचे चरित्र व त्यापासून मिळणारा बोध

थोर पुरुषांची चरित्रे सांगताना त्यांचे गुण तेवढे वर्णावे व दोषांवर पांघरूण घालावे, अशी आपल्याकडे बहुधा रीत आहे. बालवाचकांपुढे चांगला आदर्श असावा हा त्यातील हेतू स्तुत्य खरा. परंतु काही चरित्रे अशी असतात की, त्यांतील यश आणि अपयश ही दोन्ही शेजारी शेजारी मांडून पाहिल्याविना त्यांचा अर्थच उलगडत नाही. ज्यांच्या हाती एके काळी आपल्या भंडारा जिल्ह्यासह सर्व मध्यप्रांताचा कारभार होता, त्या सर रिचर्ड टेम्पल यांचे चरित्र ह्याच कोटीतले आहे. ह्या एकाच पुरुषाने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या दुष्काळांचा बंदोबस्त केला. पहिल्या दुष्काळात अन्नावाचून मेलेली माणसे फारच थोडी होती. दुसऱ्यात ती मोजता मोजता सरकारी गणित थकले. माणूस तोच, बुद्धी तीच, उद्योगही तोच. मग फरक पडला कशाने, हे विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी ह्या चरित्रातून पाहावे.

रिचर्ड टेम्पल यांचा जन्म इंग्लंडातील वुस्टर परगण्यात ८ मार्च १८२६ रोजी एका खानदानी जमीनदार घराण्यात झाला. त्यांचे शिक्षण रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत झाले. तेथून ते हेलिबरी येथे गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीसाठी तरुण तयार करण्याचे विद्यालय तेथे होते. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास ते बंगालच्या मुलकी नोकरीत दाखल होऊन हिंदुस्थानात आले. लवकरच पंजाबात सर जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली चिटणिसाचे काम करण्याची संधी त्यांस मिळाली. नव्याने खालसा झालेल्या त्या मुलखाची घडी बसविण्याचे काम तेव्हा जोरात चालले होते. दिवसभर घोड्यावर बसून गावे पाहावी आणि रात्री दिव्याशी बसून पाहिलेल्याचा अहवाल लिहावा, ही सवय टेम्पल यांस तेथेच जडली व ती जन्मभर सुटली नाही. पुढे हिंदुस्थान सरकारचे पहिले अर्थमंत्री जेम्स विल्सन यांच्या हाताखालीही त्यांनी काही काळ काम केले. जमाखर्चाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तेथे अधिक तीक्ष्ण झाली.

इकडे आपल्या भागात काय स्थिती होती? १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले औरस पुत्रावाचून वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १८६१ च्या नोव्हेंबरात नागपूर प्रांत आणि सागर व नर्मदेकडील मुलूख एकत्र करून मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण करण्यात आला. १८६२ साली ह्या प्रांताच्या चीफ कमिशनरच्या जागी टेम्पल यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे छत्तीस वर्षांचे होते. मधला काही काळ वगळता १८६७ पर्यंत ते ह्या अधिकारावर राहिले. त्या वेळचा भंडारा जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. १८६७ साली बालाघाट जिल्हा बनविताना त्यातील काही भाग तोडण्यात आला, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आजचा आकार त्यास आला.

नवा प्रांत म्हणजे कोरी पाटी. टेम्पल यांनी तिच्यावर झपाट्याने अक्षरे उमटविली. शिक्षणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले, जंगलांच्या रक्षणाची व्यवस्था झाली, सडका आखल्या गेल्या. नागपूरचे वस्तुसंग्रहालय, ज्यास आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ साली निघाले. आणि १८६५ च्या डिसेंबरात प्रांतातील कारागिरी व शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन नागपुरास भरविण्यात आले. १८६७ साली मुंबईकडून येणारी आगगाडी नागपुरास पोहोचली.

ह्याच काळातील एका प्रसंगाचा उल्लेख आपल्यासारख्या शाळेच्या अंकात केलाच पाहिजे. नागपुरास शाळा स्थापन करणारे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे भूगर्भशास्त्र, प्राचीन अवशेष व वन्य जमातींच्या भाषा यांचे मोठे अभ्यासक होते. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील पुरातन शिलावर्तुळे पाहण्यासाठी ते टेम्पल यांच्या मुक्कामी गेले. तेथील काम आटोपल्यावर वाटेतील एका गावची शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले, आणि ४ सप्टेंबर रोजी अंधारात परतताना पुराने भरलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेले गोंड व इतर जमातींविषयीचे टिपण टेम्पल यांनी स्वतः लक्ष घालून, संपादून १८६६ साली प्रसिद्ध केले. दिवंगत मित्राचे श्रम वाया जाऊ न देण्याची ही त्यांची निष्ठा ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने टेम्पल यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीची नवी व्यवस्था होय. भोसल्यांच्या अमदानीत गावचा पाटील हा सारा गोळा करून भरणारा इसम होता. गावावर त्याची मालकी अशी नव्हती, व त्याचा मक्ता केव्हा संपेल ह्याचाही नेम नसे. नव्या सारा-आकारणीत अशा पाटलांस गावची मालकी देण्यात आली आणि ते मालगुजार झाले. बहुतेक जिल्ह्यांत सारा तीस वर्षांकरिता कायम करण्यात आला. जुन्या कुळांच्या हक्कांसही काही संरक्षण मिळाले. आणि गावकऱ्यांस जंगलातील सरपण, चराई, तलावाचे पाणी इत्यादी निस्ताराच्या ज्या सवलती परंपरेने होत्या, त्या गावच्या दप्तरात नोंदल्या गेल्या.

ह्या फेरबदलाचा परिणाम समजण्यासाठी आपल्या तलावांचा विचार करावा. भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. रोवणीच्या वेळी पाऊस दडी मारतो, किंवा धान निसवताना आकाश कोरडे पडते, अशा वेळी तलाव व बोड्या यांचे पाणी पाटाने बांध्यांत सोडावे आणि पीक वाचवावे, ही विद्या कोहळी समाजातील पाटलांनी पिढ्यानपिढ्या जोपासली होती. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावचा प्रचंड तलाव कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने बांधला अशी परंपरा आहे. तलावाची पाळ घालणे हे एका हंगामाचे काम नव्हे. उद्या गाव आपल्याकडे राहील की नाही ह्याची ज्यास खात्री नाही, तो इतक्या कष्टाचे व खर्चाचे काम अंगावर घेण्यास सहसा धजणार नाही. मालकी कायम झाल्यामुळे पाळ दुरुस्त ठेवणे हे मालगुजाराच्या स्वतःच्याच हिताचे झाले.

तथापि ह्या नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. मालकी आली, तशी ती गहाण टाकता येऊ लागली व विकताही येऊ लागली. पुढील काळात पुष्कळ गावे जुन्या पाटील घराण्यांच्या हातून निसटून सावकारांच्या हाती गेली. आगगाडीने शेतमालास दूरचा बाजार मिळवून दिला; पण तिच्याच डब्यांतून विलायती कापड स्वस्त दराने उतरू लागले आणि पवनीसारख्या गावांतील कोष्ट्यांच्या मागांवर संक्रांत आली. सरकारचे एक धोरण एकाच्या घरात दिवा लावते व त्याच वेळी दुसऱ्याच्या घरातील विझविते, असे पुष्कळदा घडते. टेम्पल यांच्या अहवालांत पहिल्या गोष्टीची नोंद ठळक आढळते. दुसरीची नोंद काळाने केली.

१८६७ साली टेम्पल मध्यप्रांत सोडून गेले. हैदराबादचे रेसिडेंट, हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र-चिटणीस व नंतर अर्थमंत्री, अशा एकामागून एक वरच्या पायऱ्या ते चढत गेले. १८७३ साली बंगाल-बिहारात पावसाने दगा दिला. त्या वेळी सर्वांच्या मनात ओरिसाची भयंकर आठवण ताजी होती. १८६६ साली तेथे सरकारने वेळीच धान्य आणले नाही, व्यापारी आपण होऊन आणतील म्हणून वाट पाहिली, आणि त्या प्रदेशातील सुमारे दहा लक्ष लोक मेले. तसा कलंक पुन्हा लागू द्यावयाचा नाही, असा निश्चय व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी केला. १८७४ च्या आरंभी संकटनिवारणाचे काम टेम्पल यांच्याकडे सोपविण्यात आले, व त्याच वर्षी ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नरही झाले.

आज्ञा स्पष्ट होती. माणसे वाचवावी, खर्चाचा विचार मागाहून. टेम्पल यांनी आपली सारी शक्ती ह्या कामी लावली. ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ सरकारने विकत आणविला. तो आतल्या गावांपर्यंत पोहोचावा म्हणून दरभंग्यापर्यंत अल्पावधीत नवा लोहमार्ग टाकण्यात आला. होड्या व बैलगाड्या यांचे तांडे उभे राहिले. ज्यांस काम करण्याची शक्ती होती त्यांस कामे, व ज्यांस नव्हती त्यांस घरी बसून धान्य, अशी व्यवस्था झाली. परिणामी दुष्काळाने होणारे मृत्यू जवळजवळ टळले. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

परंतु ह्या यशाबद्दल टेम्पल यांच्या वाट्यास शाबासकी थोडी व टीकाच फार आली. दुष्काळ अपेक्षेइतका लांबला नाही. सुमारे एक लाख टन तांदूळ शिल्लक राहिला व तो तोट्याने विकावा लागला. कोट्यवधी रुपये उधळले, लोकांस आळशी केले, व्यापारात नसता हात घातला, असे आक्षेप विलायतेतील वर्तमानपत्रांतून व सरकारी वर्तुळांतून येऊ लागले. शिल्लक राहिलेले तांदूळ मोजता येत होते, झालेला खर्चही मोजता येत होता; जी माणसे मेली नाहीत ती मात्र कोणत्याच तक्त्यात दिसत नव्हती. टेम्पल महत्त्वाकांक्षी होते. ही टीका त्यांच्या जिव्हारी लागली.

१८७६ साली दक्षिणेत पाऊस पडला नाही. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणे इत्यादी जिल्हे, तसेच मद्रास इलाखा व म्हैसूर संस्थान ह्यांत हाहाकार उडाला. आता व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन, आणि सरकारचे धोरण पार बदलले होते. अफगाण सरहद्दीवरील राजकारणाकडे लक्ष लागलेले. तिजोरीतून कमीत कमी पैसा बाहेर पडावा ही इच्छा. १८७७ च्या जानेवारीत सरकारने आपला दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून टेम्पल यांसच दक्षिणेकडे पाठविले. बिहारात ज्याच्यावर उधळपट्टीचा ठपका आला, त्यासच काटकसर शिकविण्यास धाडले, असे म्हणावयास हरकत नाही.

टेम्पल यांनी ह्या वेळीही उद्योगात कसूर केली नाही. जिल्ह्यांमागून जिल्हे पालथे घातले, अहवालांवर अहवाल लिहिले. परंतु ह्या सर्व उद्योगाचे टोक आता उलट दिशेस होते. दुष्काळी कामांवरून लाखो माणसे कमी करण्यात आली. जे राहिले त्यांची मजुरी घटविण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषास एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य व वर एक आणा. स्त्रिया व मुले यांस त्याहूनही कमी. इतिहासात ही मजुरी टेम्पल मजुरी ह्याच नावाने ओळखली जाते. मद्रास इलाख्याचे आरोग्य-अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तिला कडाडून विरोध केला. कष्ट करणाऱ्या शरीरास इतक्या अन्नावर तग धरणे अशक्य आहे, किमान दीड पौंड धान्य व त्याजबरोबर डाळ, भाजीपाला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. तुरुंगातील कैद्यास मिळणारा शिधा ह्याहून अधिक होता, ही गोष्ट पुढे आली.

मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच नकार दिला. मजुरी कमी झाल्याचे कळताच हजारो उपाशी माणसे कामे टाकून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावची माहिती गोळा केली, अर्जांवर अर्ज केले. मद्रास सरकारने त्याच वर्षी शिध्यात थोडी वाढ केली. परंतु तोवर माणसे खंगली होती. त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या तापाच्या साथींत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक लोक मेले, असा अदमास आहे.

१८७७ सालीच टेम्पल मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळाने पोळलेल्या ह्याच दक्षिणेत वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली बंड उभारले आणि आपल्या जाहीरनाम्यात गव्हर्नरच्या शिरावर बक्षीस लावले. ते शिर टेम्पल यांचे होते. मध्यप्रांतात विद्यालये व वस्तुसंग्रहालय उभारणारा अधिकारी महाराष्ट्रात उपासमारीचा धनी ठरला.

१८८० साली गव्हर्नरपद सोडून टेम्पल इंग्लंडास परत गेले. १८८५ ते १८९५ पर्यंत ते पार्लमेंटाचे सभासद होते. हिंदुस्थानातील आठवणींवर त्यांनी ग्रंथ लिहिले, प्रवासातील चित्रे रेखाटली. १५ मार्च १९०२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या अनुभवाचे एक फळ मात्र तयार झाले होते. दक्षिणेतील भीषण हानीनंतर नेमलेल्या दुष्काळ-कमिशनचा अहवाल १८८० साली बाहेर पडला, व १८८३ साली दुष्काळविषयक नियमांचा मसुदा तयार झाला. संकट ओळखावे कसे, कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, हे अधिकाऱ्याच्या लहरीवर न सोडता आधीच लिहून ठेवावे, हे तत्त्व मान्य झाले. परंतु नियम कागदावर असणे निराळे व वेळेवर अमलात येणे निराळे, ह्याचा दाखला आपल्याच प्रांतात मिळाला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात मदत उशिरा सुरू झाली आणि मृत्यूंचे प्रमाण फार वाढले. त्यापासून धडा घेऊन १८९९-१९०० साली मदत लवकर व सढळ हाताने देण्यात आली, गावोगाव अन्नछत्रे निघाली. दुष्काळ अधिक व्यापक असूनही प्राणहानी त्या मानाने आवरली गेली. ह्या दोन तडाख्यांच्या दशकात, १८९१ ते १९०१ दरम्यान, भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक दशांशाने घटली.

टेम्पल यांनी घातलेल्या मालगुजारीच्या घडीचाही शेवट पुढे झाला. १९५० च्या कायद्याने मध्यप्रदेशातील मालगुजारी रद्द झाली व १९५१ साली गावांची मालकी सरकारकडे आली. रयतेच्या डोक्यावरील मधला मालक गेला, हे न्यायाचेच झाले. परंतु गावांबरोबर तलावही सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. मालगुजार गेल्यावर त्यांच्या पाळी, सांडवे व पाट दरसाल कोणी पाहावे, ह्याची पुरती तजवीज त्या धोरणात नव्हती. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे झाली. हेतू चांगला असूनही एक ओळ लिहावयाची राहिली, म्हणजे तिची किंमत धानाच्या बांध्यांस चुकवावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध कोणता? टेम्पल यांस केवळ थोर म्हणून सोडून द्यावे, असे नाही. केवळ क्रूर म्हणून टाकून द्यावे, असेही नाही. बिहारात त्यांच्या उद्योगशीलतेने लाखो जीव वाचले, कारण सरकारने प्राण मोजावयास सांगितले होते. दक्षिणेत तीच उद्योगशीलता घातक ठरली, कारण सरकारने पैसा मोजावयास सांगितले होते. हुशारी आणि मेहनत हे गुण धारदार विळ्यासारखे आहेत. त्याने धानही कापता येते व हातही. तथापि आज्ञा वरून आली एवढ्याने ती पाळणारा दोषमुक्त होत नाही. डॉ. कॉर्निश हेही सरकारचेच नोकर होते. परंतु उपाशी माणसाच्या शरीरास काय लागते हे त्यांनी पाहिले, मोजले व निर्भयपणे लिहून कळविले.

तुमच्यापैकी कोणी पुढे तलाठी होतील, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी ग्रामपंचायतीत वा विधिमंडळात बसतील. आणि मत देण्याचा अधिकार तर सर्वांसच येणार आहे. कोणतेही सरकारी धोरण तुमच्यापुढे येईल तेव्हा ते राबविणारा मनुष्य किती कर्तबगार आहे एवढेच विचारू नका. ह्या धोरणाने काय मोजावयाचे ठरविले आहे, व मोजावयाचे काय राहून गेले आहे, हे विचारा. पालकांनीही घरी बसून मुलांशी ह्या गोष्टींचा ऊहापोह करावा. गावच्या तलावाची पाळ फुटली तर ती कोणाच्या दप्तरात आहे, दवाखान्यात औषध का नाही, हे प्रश्न मोठ्यांनी मुलांदेखत विचारले, म्हणजे मुलांस नागरिकत्वाचा पहिला पाठ घरीच मिळतो. टेम्पल यांच्या काळी आपल्या पूर्वजांस हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आपणांस तो आहे.